बिनक्लचचा ट्रक

मित्रांनो, घाटंजीत यवतमाळ रोडला गफ्फार मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्याच्या मागच्या भिंतीला लागून, फुटक्या बॅटऱ्या आणि झिजलेल्या टायरांच्या मधे एक काळपट लोखंडी धूड पडलेलं आहे. ते मी. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. दुपारी माझ्या सावलीला कोंबड्या बसतात. पोटातलं तेल केव्हाच काढून घेतलं, आता आत पावसाचं पाणी आणि मुंग्या आहेत. माझ्या बोलण्यात कडवटपणा येईल, तो मी लपवणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. साध्या गिअरबॉक्सला ड्रायव्हरचा डावा पाय लागतो क्लच दाबायला आणि डावा हात लागतो गिअरचा दांडा हलवायला. मला दोन्ही लागत नाहीत. माझ्यात आणि इंजिनात लोखंडाला लोखंड असा पक्का जोड नसतो, मधे तेल असतं. इंजिन ते तेल घुसळतं, घुसळलेलं तेल मला फिरवतं आणि कोणत्या वेगाला कोणता गिअर हवा ते माझं मी ठरवतो. हे तेल पोटातल्या, गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांपर्यंत पोचवायला एक पंप आहे. तो इंजिन चालू असेपर्यंतच चालतो. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझं मरण त्यातच होतं.

अकरा वर्षं मी एका शहरी बसमध्ये राबलो. दर दोनशे पावलांवर थांबा, पुन्हा सुरू, पुन्हा थांबा. बस म्हातारी झाली, तिचे पत्रे कापले गेले आणि मी नागपूरच्या भंगार बाजारात येऊन पडलो. तिथेच गफ्फार मिस्त्रींनी मला पाहिलं.

ते खरं तर बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला आले होते. हुस्नाबींना दवाखान्यात नेताना ते शहरातल्या बसमध्ये पुढेच उभे राहिले, आणि त्यांची नजर ड्रायव्हरच्या पायांकडे गेली. डावा पाय नुसताच पसरलेला होता. त्याला काही कामच नव्हतं. मिस्त्री उतरायचा थांबा विसरले. हुस्नाबी एका डोळ्यावर पट्टी बांधून अर्धा किलोमीटर मागे चालत आल्या, आणि त्यांची बोलणी खात मिस्त्री मनातल्या मनात देवसिंगभाऊंचा ट्रक उघडत होते.

देवसिंग राठोड घाटंजीजवळच्या तांड्यावर राहायचे. स्वतःचा ट्रक, जिनिंगमधून कापसाच्या गाठी न्यायचं काम. या गोष्टीच्या तीन वर्षं आधी रस्त्याच्या कडेला टायर बदलत असताना एका भरधाव गाडीने त्यांना आणि ट्रकच्या तोंडाला एकदमच उडवलं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ट्रकचं इंजिन फुटलं. गफ्फार मिस्त्रींनी दुसऱ्याच कंपनीचं इंजिन आणून त्या ट्रकला बसवलं. ट्रक उभा राहिला, पण देवसिंगभाऊंच्या पायाला तसा बदली पाय मिळाला नाही. जयपुरी पाय होता, त्याने चालता यायचं, क्लच दाबता यायचा नाही. मग ट्रक त्यांचा मेहुणा लखन चालवू लागला आणि देवसिंगभाऊ शेजारच्या सीटवर बसू लागले. लखनने गिअर अडकवला की त्यांचा नसलेला पाय क्लच शोधायचा, असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. बिजलीबाई, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा हसत नसे.

नागपुराहून आल्याआल्या मिस्त्री तांड्यावर गेले.

"देवसिंगभाऊ, तुह्या ट्रकचा क्लचच काढून टाकला तं?"

"मंग गाडी कायच्यावर चालन, मिस्त्री?"

"तेलावर."

"नागपूरच्या डाक्टरनं डोया भाभीचा पाह्यला का डोक्सं तुह्यं?"

पण दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींनी मला घाटंजीत आणून टाकलं, तेव्हा तेच देवसिंगभाऊ माझ्यासमोर उभे होते. त्यांनी काठीने मला दोनदा ठोकून पाहिलं. म्हणाले, "हा मले पुन्हा त्या सीटवर बसवन काय?" मिस्त्री म्हणाले, "त्याले नोको इचारू, मले इचार. बसवीन."

मित्रांनो, ट्रक एका जातीचा, इंजिन दुसऱ्या जातीचं आणि मी तिसऱ्या. इंजिनाच्या पाठीला बोल्टांची जी भोकं होती, ती माझ्या तोंडावरच्या एकाही भोकाशी जुळत नव्हती. मिस्त्रींनी इंजिनाच्या पाठीवर पुठ्ठा धरून हातोडीने हलके ठोके दिले, तेव्हा भोकांचे ठसे पुठ्ठ्यावर उमटले. माझ्या तोंडाचाही तसाच ठसा घेतला. दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून ते आठ दिवस नुसते बघत बसले. मग यवतमाळच्या लेथवर बोटभर जाडीचा लोखंडी पाटा कापून घेतला. त्याची एक बाजू इंजिनाला बसणार होती, दुसरी मला. मी जुन्या गिअरबॉक्सहून लांब होतो, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. तेल थंड ठेवायला रेडिएटरपुढे एक छोटी जाळी लावली.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा मी किंचाळलो. तिसऱ्या दिवशी इंजिन आणि माझ्यामधली पातळ चकती तडकली, तेल सगळ्या अंगणभर झालं. पाट्याचा मध्य केसभर चुकला होता. मिस्त्रींनी मला पुन्हा खाली उतरवलं. मी तीन माणसांच्या वजनाहून जड आहे. ते जॅक लावून, पाठीवर पडून, छातीवर मला तोलत उतरवायचे. हुस्नाबी चहा घेऊन यायच्या आणि उभ्या राहायच्या.

"माह्या डोयाचं आपरेशन एका दिवसात झालं. याचं तं संपूनच नाई राह्यलं."

"याचा डोया केसभर तिरपा हाय," मिस्त्री खालून म्हणायचे.

दुसरा पाटा झाला. तोही त्यांनी नाकारला. तिसरा बसला. मी इंजिनाला लागलो तेव्हा आम्हा दोघांत इतकी शांतता होती की मिस्त्रींनी ट्रकच्या पोटाला कान लावून खात्री केली. पण मी गिअर उशिरा बदलत होतो, कारण बसचं इंजिन चपळ होतं आणि हे संथ. ॲक्सिलरेटरकडून माझ्याकडे येणारी तार त्यांनी सूतसूत ओढून, सैल करून, पुन्हा ओढून बसवली. शेवटी मागच्या चाकांजवळचे शाफ्टचे चार बोल्ट कसून प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ मारली, अर्धी बोल्टवर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट थोडा जरी फिरला तरी रेघ तुटते, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं.

त्या दिवशी त्यांनी देवसिंगभाऊ आणि लखन दोघांनाही ट्रकखाली वाकायला लावलं.

"हे दोघंई आयका. इंजिन बंद असलं तं हा ट्रक ओढून न्यायचा नाई. ओढला तं चाकं याले फिरवतीन आन आत तेल नाई भेटणार. कोरडा जळून जाईन. ओढाच लागला तं पह्यले हा शाफ्ट खोलायचा. चार बोल्ट हायत, पंधरा मिनिटांचं काम हाय. ध्यानात राहीन?"

"राहीन ना, मिस्त्री," लखन म्हणाला. तरी मिस्त्रींनी केबिनमध्ये काचेच्या वर लाल रंगाने लिहून ठेवलं, 'शाफ्ट खोलल्याशिवाय ओढू नये.'

कागदपत्रं व्हायला चार महिने लागले. आरटीओत तपासणी झाली, देवसिंगभाऊंनी अधिकाऱ्यांसमोर चढावर ट्रक थांबवून, पुन्हा उचलून दाखवला, तेव्हा शिक्का मिळाला. पहिल्या फेरीला बिजलीबाई शेजारी बसल्या. कळंबच्या चिंतामणी गणपतीला जाऊन यायचं ठरलं होतं. घाटंजी सुटल्यावर त्या म्हणाल्या, "पाय दुखून राह्यला काय?"

"कोणता?"

"जो नाई तो."

देवसिंगभाऊंनी ॲक्सिलरेटर दाबला आणि मी तिसरा गिअर घेतला, इतका अलगद की त्या माउलीला कळलंही नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तितका अलगद गिअर कधी घेतला नव्हता.

मग कौतुकाचे दिवस आले. लोक ट्रकखाली वाकून मला बघायचे. जिनिंगच्या फाटकावर देवसिंगभाऊ मुद्दाम ट्रक थांबवून जयपुरी पाय खिडकीतून दाखवायचे. एका वर्तमानपत्रात मिस्त्रींचा फोटो आला. उमरखेडहून आमिर नावाचा एक जण आला. पोलिओने त्याचा डावा पाय लहानपणापासून लुळा होता, मोठ्या भावाचा टेम्पो चालवायची त्याची फार इच्छा. त्याने टेम्पो मिस्त्रींच्या अंगणात आणून लावला आणि मिस्त्रींनी पुठ्ठा काढला. अमरावतीकडून, वाशीमकडून फोन यायला लागले. कोणाचा पाय गेलेला, कोणाला लकवा झालेला. मिस्त्री सगळ्यांची नावं एका वहीत लिहून ठेवायचे. नऊ नावं होती.

आणि लखन? मित्रांनो, त्याच्याबद्दलही खरं तेच सांगतो. तो वाईट नव्हता. तीन वर्षं त्याने बहिणीचं घर त्या ट्रकवर चालवलं होतं. माझ्यामुळे तो स्टिअरिंगवरून उठला आणि शेजारच्या सीटवर गेला. गाठी बांधायला, ताडपत्री ओढायला. जिनिंगमधली पोरं त्याला हसायची. त्याने कधी तक्रार केली नाही, पण माझं नाव त्याने कधीच घेतलं नाही. मला तो 'ते' म्हणायचा.

मार्गशीर्षात देवसिंगभाऊंना डेंग्यू झाला आणि ट्रक पंधरा दिवस लखनकडे आला. एका दुपारी माल उतरवून परत येताना, घाटंजी चाळीस किलोमीटर राहिलं असताना, डिझेलचा पाइप तडकला आणि इंजिन बंद पडलं. माझ्यात काहीच दोष नव्हता. लखनने मिस्त्रींना फोन लावला. मी खालून ऐकत होतो.

"पाइप फुटला असन. ओढून आण. पण पह्यले शाफ्ट खोल," मिस्त्री म्हणाले. "नाईतं थांब, मीच येतो. दोन घंटे लागतीन."

"खोलतो ना," लखन म्हणाला.

त्याच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. संध्याकाळी मित्राच्या हळदीला जायचं होतं. पाना सीटखाली होता. तो एकदा खाली वाकला, रस्त्यावरची माती बघितली, आणि उठला. ओळखीचा एक ट्रक थांबवला, साखळी बांधली.

चाकं फिरू लागली आणि त्यांनी शाफ्टमधून मला फिरवायला सुरुवात केली. पंप निपचित पडला होता. पहिले काही किलोमीटर चकत्यांना चिकटलेलं जुनं तेल पुरलं. मग ते संपलं. लोखंडावर कोरडं लोखंड घासू लागलं. मला ओरडता येत होतं तेवढा मी ओरडलो, पण केबिनमध्ये लखनने मोबाइलवर गाणी लावली होती. निम्म्या वाटेत त्याला जळका वास आला असणार, कारण त्याने काच वर केली. काचेच्या वरचं लाल अक्षर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. चाळीस किलोमीटर.

गॅरेजमध्ये ट्रक सोडताना त्याने सांगितलं, "मिस्त्री, पह्यले ते गिअरबॉक्सच आवाज करून राह्यलतं. मंग इंजिन बंद पडलं." आणि तो हळदीला गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पाइप बदलला. देवसिंगभाऊ ताप अंगात असताना आले, सीटवर बसले, इंजिन सुरू केलं. इंजिन गरजत राहिलं आणि मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग चावी बंद करून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

मला उतरवलं, उघडलं. चकत्या जळून निळ्या-काळ्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी एक चकती नाकाजवळ नेली आणि लखनकडे पाहिलं.

"हा कोरडा फिरला. शाफ्ट नाई खोलला तू."

"खोलला ना! म्याच खोलला, म्याच बसवला."

तोवर समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक अंगणात येऊन उभे राहिले होते. लखन त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, भंगारातला माल होता. जुगाड होता तो. आज ना उद्या जानारच होता."

मिस्त्रींनी देवसिंगभाऊंच्या दंडाला धरलं आणि ट्रकच्या मागच्या बाजूला नेलं. देवसिंगभाऊ काठीवर भार देऊन वाकले. मला उतरवताना मिस्त्रींनी शाफ्ट फक्त माझ्या टोकाकडून सोडवला होता, मागच्या चाकांजवळ तो तसाच लागलेला होता. चारही बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या, मारल्या त्या दिवशी होत्या तशाच अखंड. एकही तुटलेली नव्हती. देवसिंगभाऊंनी एका रेघेवरून बोट फिरवलं. त्यांना सगळं कळलं, हे मी त्यांच्या बोटावरून ओळखलं.

"पाह्यलं ना भाऊ?" मिस्त्री म्हणाले. "आता सांग सगळ्यायले."

देवसिंगभाऊ सरळ उभे राहिले. समोर लखन होता, त्याच्या मागे अर्धं घाटंजी. त्यांनी लखनकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं नाही.

"होते असं कधी कधी, मिस्त्री," ते म्हणाले. "जुनंच होतं ते."

मित्रांनो, चाळीस किलोमीटर मी जळत आलो. पण या दोन वाक्यांनी जळलो तेवढा मी त्या वाटेत जळलो नव्हतो.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्याच दिवशी त्यांनी जुना क्लचवाला गिअरबॉक्स काढून धुतला आणि आठवड्याभरात ट्रक तयार करून दिला. लखन स्टिअरिंगवर बसला. मला भिंतीशी लावलं गेलं.

गावात बोललं जाऊ लागलं की मिस्त्रीचा जुगाड फसला, बिचाऱ्या लंगड्या माणसाला नादी लावलं. उमरखेडहून आमिरचा मोठा भाऊ आला. मिस्त्रींनी कापलेला पुठ्ठा अजून त्या टेम्पोच्या इंजिनाला चिकटलेला होता. तो त्याने ओढून काढून टाकला आणि टेम्पो घेऊन गेला. आमिर बरोबर आला नव्हता. अमरावतीचा फोन आला नाही, वाशीमचाही नाही. हुस्नाबींनी एक दिवस विचारलं, "त्या वहीतल्या लोकायले तुमीच फोन लावून सांगत काहून नाई?" मिस्त्री म्हणाले, "काय सांगू? ज्याच्यासाठी केलं त्यानंच नाई म्हटलं."

एकदा बिजलीबाई एकट्या आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मले माहीत हाय, मिस्त्री. माह्या भावानंच केलं. म्या आमच्या यायले घरी इचारलं तं म्हणे, तुह्या भावाले चारचौघात खोटा पाडू काय?"

"मंग मले पाडलं ना, भाभी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी सांगू काय टपरीवर जाऊन?"

"तुमचं कोणी नाई आयकणार. ज्यानं पाह्यलं त्यानंच सांगाव लागन."

वर्ष गेलं. लखनला पुण्याकडे एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि तो बायकोला घेऊन निघून गेला. ट्रक तांड्यावर उभा राहिला. ज्या मेहुण्याची अब्रू राखली, तोच राहिला नाही.

मग एका सकाळी देवसिंगभाऊ काठी टेकत गॅरेजमध्ये आले. आधी माझ्याजवळ आले, माझ्यावरची कोंबडी हुसकली. नंतर मिस्त्रींना म्हणाले, "मिस्त्री, असा दुसरा एखादा भेटन काय नागपुराले?"

"भेटन," मिस्त्री हातातलं काम न थांबवता म्हणाले. "पाटा तयारच हाय. बसवूनई देईन. तू पह्यले त्या टपरीवर जाऊन सांग, हा कोणानं जाळला ते."

"लखन तं आता इथं नाई."

"मी हावो ना इथं."

देवसिंगभाऊंनी टपरीकडे पाहिलं. सहा-सात माणसं होती, सगळी ओळखीची. ते गॅरेजमधून निघाले, रस्त्याच्या मधोमध गेले. मला वाटलं, चालले. मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला होता. टपरीवरून कोणीतरी हाक मारली, "या भाऊ, चाय घ्या!" देवसिंगभाऊंनी हात वर केला, नको म्हणून, आणि ते बसस्टँडकडे वळले. पुढच्या महिन्यात त्यांनी ट्रक विकला.

मित्रांनो, उद्या-परवा भंगारवाला मला घेऊन जाईल. यंत्रांना वेळेवर तेल द्या, बनवणाऱ्याने सांगितलेलं पाळा, हे तर मी सांगणारच. पण माझं मागणं त्याहून वेगळं आहे. तुमच्या हातून काही मोडलं तर मी मोडलं म्हणा. दुसऱ्याच्या हातून मोडलेलं पाहिलं असेल तर तेही सांगा, मग तो भाऊ असो नाहीतर मेहुणा असो. आणि जागच्या जागी सांगा. उशीर केला की रस्ता ओलांडणंसुद्धा जड जातं.

माझ्यासाठी नका सांगू. मी वितळून कशाचे तरी खिळे होईन. त्या माणसासाठी सांगा, जो आता फक्त ट्रॅक्टरचे पंक्चर काढतो आणि ब्रेक बदलतो. अधूनमधून अजूनही कोणीतरी कुबड्यांवर येतं, पायाकडे बोट दाखवून काही विचारतं. मिस्त्री मान वर न करता म्हणतात, "मले नाई जमत, बापा."

त्यांना जमतं. मी त्यांच्या हाताखालून गेलेलो आहे.